बरणी क्रमांक एकोणीस

चिल्पान्सिंगोला, तिसऱ्या मजल्यावर,
भुंग्याची मादी दाण्यावर अंडी चिकटवते
आणि मी ती मोजते.
हेच माझं काम. पगार ठीक आहे.

अंडं म्हणजे एक पांढरा ठिपका, मिठाच्या कणाएवढा.
अळी बाहेरचा उजेड बघतच नाही,
अंड्याच्या बुडाला भोक पाडून थेट घेवड्यात उतरते,
खाते, फुगते,
आणि महिन्याभरानं आतून गोल खिडकी कोरते,
कंपासनं आखल्यासारखी.

या खिडक्या मी लहानपणापासून ओळखते.
फेब्रुवारीत बाबा पिंपात कोपरापर्यंत हात घालायचे
आणि मुठीतून घेवड्याऐवजी पीठ गळायचं.
"यंदाही ते आपल्याआधी जेवून गेले,"
म्हणायचे.
हसायचे नाहीत.

या बरण्यांतले दाणे मात्र वेगळे.
करडे, ठिपक्याठिपक्यांचे, मसुरापेक्षा जरासे मोठे.
दोन्या तिमोतेआच्या मक्याच्या शेतामागे
दगडी बांधावर एक रानवेल चढलेला,
तिथून मी ते खिशात घालून आणले.
"याला कुणी विचारत नाही," ती म्हणाली,
"शिजता शिजत नाही मेला.
किडेसुद्धा विचारत नाहीत."
दुसरं वाक्य तिनं सहज टाकलं, पाठ फिरवून, कोंबड्यांना हाकलता हाकलता.
मी उभी राहिले तिथेच.

आत एक प्रथिन आहे. लेक्टिन म्हणतात त्या घराण्याला.
त्याला दात नाहीत, नांगी नाही.
त्याला फक्त साखर ओळखू येते.
अळीच्या आतड्याच्या भिंतीवर, पेशीपेशीला,
साखरेचे बारीक झुपके लोंबत असतात,
सणाला गल्लीभर टांगलेल्या कागदी पताकांसारखे.
लेक्टिन येतं आणि झुपका धरतं.
बस्स.
धरतं, आणि सोडत नाही.
समोरून घास जातो, आत घ्यायला कुणी मोकळं नाही.
अळी खातच राहते,
भरल्या पोटी उपाशी.

(माझी आत्या एउदोशिया अशीच होती.
दारातच दोन्ही हात हातात घेऊन
इतकं गोड बोलत राहायची
की जेवायचं राहूनच जायचं.)

कौतुक सांगतेय खरी, पण
एका गुरुवारी घाईत मी घरचा लाल घेवडा
अर्धाकच्चा उतरवला.
रात्रभर आम्ही तिघं, एक बादली,
आणि सेफेरीनो मधेच मान वर करून:
"हेच ना तुझं संशोधन?"

हेच.
दाणा माणूस आणि अळी असा भेद करत नाही.
त्याच्या लेखी आपण सगळी नुसती तोंडं.
आपल्याकडे विस्तव आहे, इतकंच.
खळखळत्या पाण्यात त्या प्रथिनाची घडी मोडते,
मूठ आपोआप सुटते.
अळीला चूल नाही.

आज एकावन्नावा दिवस.
एक ते अठरा: शून्य, शून्य, शून्य,
वहीत शून्यांची माळ
आणि मला उगाच बाबांचं पिंप आठवतंय,
भरलेलं,
उन्हाळ्यापर्यंत भरलेलं.

एकोणिसाव्या बरणीत एका दाण्याला खिडकी आहे.
वाकडी. कडा कुरतडलेल्या.
घाईत, की थकून, कोण जाणे.
भुंगा काचेवर चढतोय. घसरतोय.
नेहमीच्या निम्म्यानं आहे,
एक पंख नीट मिटत नाही.

हा काय खाऊन जगला?
कुठली मूठ चुकवली यानं, की
याच्या आतड्यातल्या पताकाच वेगळ्या रंगाच्या?
साहेब म्हणतील, चूक असेल, बरणी बदलली असेल.
बरणी बदललेली नाही.

मी वहीत लिहिते: १.
मग भिंग लावते.
पुन्हा लावते.

मादी आहे.
दाण्यांवरून फिरतेय,
एकेकाला पायांनी चाचपत,
जागा शोधत.